वडाचं पिवळं पान

दिपालीला पहिल्यांदा किळस आली ती मेपलच्या पानाची. धामणकर नाक्याजवळच्या एका शाळेत ती चित्रकला शिकवायची. सहावीच्या मुलांना तिने सांगितलं होतं, घराजवळचं एक पान बघून काढून आणा. चाळीस वह्या आल्या आणि त्यांतल्या एकतीस वह्यांत मेपल! लालभडक, मोबाइलवरून जसंच्या तसं उतरवलेलं. यांतल्या एकाही पोराने जन्मात मेपल पाहिलेला नाही, पण पान म्हटलं की हात तिकडेच वळतो. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

मग तिने स्वतःच मुळाक्षरांची वही करायला घेतली. एका अक्षराला एक पान. अ अळूचा, क करंजाचा, ट टाकळ्याचा, प पळसाचा. झाड आपल्या गावातलं हवं, पान आपल्या हाताने तोडलेलं हवं आणि दिसेल तसंच रंगवायचं. किड्याने कुरतडलं असेल तर कुरतडलेलं, ट्रकची धूळ बसली असेल तर धुळीसकट. सोमवारी शाळेच्या प्रदर्शनात ही वही मांडायची होती. राहिला होता फक्त ‘व’. तो तिने मुद्दाम शेवटी ठेवला होता. वड घरचाच, पळून थोडाच जाणार!

तिचं सासर पडघ्याच्या अलीकडे, हायवेपासून दहा मिनिटांवर. वड त्यांच्याच शेताच्या बांधावर होता आणि वटपौर्णिमेला गावातल्या साऱ्या बायका तिथेच दोरा गुंडाळायला जमायच्या. यंदा तर तिच्या नवऱ्याने, हितेशने, कमालच केली. ज्याला बायकोचा उपास कधी लक्षात राहत नाही, त्या माणसाने कापडाच्या लूमवरून सुताचा अख्खा कोन आणून तिच्या हातात ठेवला. “यावर्षी हात आखडू नको. खाली खाली, दाट गुंडाळ. बाकीच्यांनाबी दे.” दिपाली मोहरून गेली होती. तिच्या सासूने, हौसाबाईंनी, पोराचं कौतुक चार घरं फिरून सांगितलं. खोडाला कमरेपर्यंत पांढराशुभ्र पट्टा बसला होता.

रविवारी सकाळी वही घेऊन ती बांधावर गेली आणि थबकली. भर श्रावणात वड पिवळा पडला होता. बुंध्याशी पानांचा खच. वरच्या फांद्या अजून हिरव्या होत्या, पण हाताला येतील ती पानं नुसता स्पर्श झाला तरी गळून पडत होती. तिने एक देठ मोडला. वडाचं पान तोडलं की पांढरा चीक भळभळतो; इथे टिपूसही नाही.

पडलेलं पान उचलायला वाकताना तिने खोडावर हात टेकला, तर तळहाताला काहीतरी चिकट लागलं. सुतावर तपकिरी ओल होती. तिने वास घेतला. झाड मारायला घालतात तो हिंग, आणि त्यामागून संडास धुवायच्या अ‍ॅसिडचा उग्र दर्प. तिने दोरा बाजूला सारला. आत बोट जाईल एवढं गोल भोक होतं, मशीनने मारलेलं. त्याच्या शेजारी दुसरं. पट्ट्याखाली अशी सात भोकं होती आणि त्यांतून घाण पाझरत होती.

हितेश ओटीवर पोहे खात बसला होता.

“वडाला भोकं तुम्ही मारलीत?”

त्याने घासही थांबवला नाही. “हलू बोल. हिरवा झार तोडायला परवानगी मिलत न्हाय, सुकलेल्याला मिलते. आपल्या शेतावर गोदाम होनार हाय, त्याचा गेट तिथूनच येनार.”

“आणि दोरा?”

तो हसला. “पुनवेनंतर रातचा दोरा सारून भोकं मारली, परत सारखा केला. बायकांनी बांधलेल्या दोऱ्याला कोन हात लावतो?” मग समजूत घातल्यासारखा म्हणाला, “तू वहीत हिरवा रंगव ना. शालेतला कोन इथं बघायला येतंय?”

त्याच्या बोटांना पोह्यांचं तेल लागलं होतं. त्या बोटांकडे बघवेना. याच माणसाच्या आयुष्यासाठी ती दिवसभर उपाशी राहिली होती, आणि स्वतःच्या हाताने याची घाण झाकत होती. त्याच्यापेक्षा जास्त शिसारी तिला स्वतःचीच आली. सुताचा एक कोन मिळाला म्हणून किती हुरळली होती ती! पण अर्धा वड अजून हिरवा होता. आज गावातल्या बायकांनी भोकं पाहिली, धुऊन काढली, तर तो कदाचित जगेलही. ती घरातून कात्री घेऊन निघाली.

तिने दोरा कापायला सुरुवात केली, तोच हौसाबाई धापा टाकत आल्या. “डोका फिरला काय तुझा? माझ्या पोराच्या जीवावर उठलीस?”

“आई, इकडे या. बोट घाला.”

हौसाबाईंनी बोट घातलं, नाकाशी नेलं. चेहरा आंबट झाला. त्यांनी बोट पदराला पुसलं. मग म्हणाल्या, “मातीनं बुजव. आन परत गुंडाल.”

दिपालीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“अगं, बायकांना समजला तं पोराला तोंड दाखवायला जागा रहनार न्हाय! झार काय, दुसरा लावू.”

“नाही गुंडाळणार,” दिपाली म्हणाली आणि तिने उरलेला दोरा कापून टाकला.

पलीकडच्या वाटेने शेजारची काशी आणि आणखी तिघी शेतावर निघाल्या होत्या. हौसाबाईंनी त्यांना पाहिलं आणि झटकन खोडाला पाठ लावून, हात पसरून उभ्या राहिल्या. “दिपाली, तुझ्या पाया परते.”

“काशीकाकी,” दिपालीने मोठ्याने हाक मारली, “सगळ्याजणी इकडे या जरा!”

मग ती तिथेच दगडावर बसली, ‘व’चं पान उघडलं आणि पिवळ्या रंगात ब्रश बुडवला. हौसाबाई आधी सरल्या नाहीत. बायका जवळ आल्या तशा त्या ओशाळं हसल्या, आणि नेहमीच्या सवयीने ‘या, या’ करत चार पावलं पुढे झाल्या.

काशी वडाच्या मागच्या बाजूने आली होती. तिने नाकाला पदर लावला.

“हौसे, तुझ्या पाठीला काय लागलाय गं?”