उजव्या पायाचा कौल

दोन महिने झाले, धुळाबापूंचे पाय त्यांचं ऐकेनासे झाले होते. डोळा लागतो न लागतो तोच उजवा पाय ताडकन उडायचा, मागोमाग कधी डावा. बापू दचकून उठायचे, पाणी प्यायचे, पुन्हा आडवे व्हायचे, की पुन्हा तेच. उभा जन्म आटपाडीच्या माळावरून पार वाईपर्यंत मेंढरांमागं चालण्यात गेलेला. यंदा कळप मुलाच्या, अमृतच्या हवाली केला, आणि पायांनी झोपेत चालायला सुरुवात केली, असं बापू म्हणायचे.

लाथा खायला शेजारी होती सुलाबाई, त्यांची बायको. तिनं आधी दोघांच्या मध्ये बापूंची मेंढरं वळायची काठी आडवी ठेवून बघितली. तिसऱ्या रात्री काठीसकट लाथ तिच्या नडगीवर आली. सकाळी तिनं आपलं घोंगडं उचललं आणि कोकरांच्या खोपटाकडं निघाली.

"आगं, कुठं?"

"कोकरांत झोपायला. ती लाथा मारत न्हाईत."

"या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोकास्नी म्हणावं, एक रात माज्या जागी झोपून बघा. आवं, आटपाडीला डॉक्टरला पाय दावा. त्याबिगर मी काय परत येत न्हाई."

बापू जाणारही होते. पण मध्येच बिरोबा आला.

झालं असं, की राहिलेली झोप बापू दुपारी बिरोबाच्या देवळाच्या कट्ट्यावर काढायचे. एक दिवस वस्तीतला नानासो तिथं कौल लावायला आला. त्याची गाभण शेळी हरवली होती. ओढ्याकडं गेली की माळाकडं, एवढंच देवाला विचारायचं होतं. रीतीप्रमाणं त्यानं देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर ओढा, डावी पडली तर माळ. तास गेला, पाकळी काही हलेना. नानासो वैतागून तांब्या घेऊन बाहेर आला, झोपलेल्या बापूंच्या पायाशी तो ठेवून टेकला आणि म्हणाला, "देवा, बोल की रं आता!"

बापूंचा उजवा पाय उडाला. तांब्या ठणठणत ओढ्याच्या अंगाला गेला. शेळी ओढ्यातच सापडली, आणि तीही दोन करडांसकट.

दिवस मावळायच्या आत वस्तीभर झालं, बिरोबा धुळाबापूंच्या पायात उतरलाय.

दुसऱ्या दिवसापासून कट्ट्यावर माणसं जमायला लागली. बापू झोपायचे, माणसं विचारायची. उजवा उडाला तर व्हय, डावा उडाला तर न्हाई. विजयमालानं विचारलं, बांधाकडंला शेवगा लावू का. डावा पाय उडाला, तिनं आणलेली रोपं जावेला देऊन टाकली. कृष्णात नावाचा तरणा गडी कवठे महांकाळला पोरगी बघून आला होता. करू का नको म्हणून त्यानं विचारलं, तर बापूंचे दोन्ही पाय एकदम उडाले.

"दोन बायका कर म्हणतोय रं देव!" नानासो म्हणाला.

"गप रं. दोन पाय म्हंजे पक्कं व्हय," दुसरा म्हणाला.

"उजवा व्हय, डावा न्हाई. मिळून काय ऱ्हायलं?" तिसऱ्यानं काढलं. बिचारा कृष्णात रोज येऊन बसायला लागला.

देवाला कुणी रिकाम्या हातानं भेटत नाही. पण नारळ किती फोडणार? म्हणून प्रत्येक जण बापूंसाठी चहा आणायचा. उठले की चहा, पडायच्या आधी चहा, मध्ये कुणी लांबून आलं तर त्याचा मान म्हणून चहा. बापूंना हे गोड लागत होतं. कळप गेल्यापासून त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं. आता सगळं गाव विचारत होतं. आणि पायही जोरात होते. जेवढा चहा, तेवढ्या लाथा.

पण डोळे लाल झाले होते. एकदा तर हातात भाकरीचा तुकडा धरून बापू बसल्या जागी पेंगले. सुलाबाई बघत होती.

"चला की आटपाडीला."

"आगं, औषध घेतलं आन् देव निघून गेला तर?"

"जाऊ दे. देवाला देऊळ हाय. मला कुठं दुसरं घर हाय?"

बापू उठून कट्ट्याकडं गेले.

त्या दुपारी ते नुसतेच पडले होते, डोळा लागला नव्हता. कुणीतरी तांब्या ठेवल्याचा आवाज आला. मग सुलाबाईचा आवाज, चारचौघांत, खणखणीत.

"देवा बिरोबा, माजा बी एक कौल. ह्या माणसाला डॉक्टरकडं न्हेऊ का? न्हेऊ म्हणत असशील तर उजवा, नको म्हणत असशील तर डावा. डावा उडाला तर पुन्यांदा न्हाई मी इचारायची. माजं घोंगडं कोकरांतच ऱ्हाईल."

बापूंनी डोळे गच्च मिटले. देवच काय ते ठरवील म्हणून वाट बघितली. पण दोन महिने क्षणभर थारा नसलेले ते पाय आज लाकडाच्या ओंडक्यासारखे पडून राहिले. उडायचं नाव नाही.

बापूंना आठवलं, वाईजवळ एका मळ्यात मेंढरं बसवलेली. त्या थंडीत एकच घोंगडं होतं. एका कुशीत तान्हा अमृत, दुसऱ्या कुशीत नुकतं जन्मलेलं कोकरू, आणि मध्ये सुलाबाई. तिनं आपल्या वाटणीचं घोंगडं सगळं बापूंच्या अंगावर सरकवलं होतं. रातभर ती तशीच होती, हे त्यांना सकाळी कळलं होतं.

बापूंनी श्वास रोखला आणि उजवा पाय असा झाडला, की तांब्या कट्ट्यावरून उडून थेट कृष्णातच्या मांडीत पडला.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" कट्टा दुमदुमला.

दुसऱ्या दिवशी एसटीत खिडकीशी बसल्यावर सुलाबाई हळूच म्हणाली, "कालची लाथ तुमची व्हती."

"कशावरनं?"

"खरी लाथ उडती तवा तुमी आधी श्वास धरता व्हय? दोन महिनं खाल्ल्यात मी. मला वळखू येत न्हाई?"

बापू खिडकीबाहेर बघत राहिले. पण मिशीतलं हसू काही लपेना.

डॉक्टर शिवांजली नावाची तरुण बाई होती. तिनं दिवसाला चहा किती होतो म्हणून विचारलं. बापू बोटांवर मोजायला लागले. हातांची बोटं संपली, तसा त्यांनी सुलाबाईचा हात ओढून घेतला. डॉक्टरीण हसता हसता पाणी प्यायली. मग तिनं रक्त तपासलं.

"पोरी, पायात देव हाय म्हणत्यात. खरं का?"

"देवाचं मला सांगता येणार नाही आजोबा. रक्तात लोह मात्र नाही."

तिनं लोहाच्या गोळ्या दिल्या. चहा सकाळी दोनच कप, तोही गोळीच्या वेळी नको. दुपारची झोप बंद. संध्याकाळी माळावर एक चक्कर आणि झोपायच्या आधी पोटऱ्या ताणून गरम पाण्यानं शेकायच्या. एकदम थांबणार नाही, हळूहळू कमी होईल, असं तिनं बजावून सांगितलं.

तसंच झालं. दीड महिना गेला तसे पाय निवत आले. बापू आता कट्ट्यावर नुसते बसायचे. कृष्णात मात्र नेमानं यायचा.

"बापू, पडा की वाईच. माजं अजून ठरलं न्हाई."

"पोरगी आवडली का तुला?"

"आवडली की. लय आवडली."

"आन् तिला तू?"

"ती बी व्हय म्हणाली."

"मग माज्या पायाला काय इचारतोस, गड्या? जा, नारळ फोड जा!"

कृष्णात उठून पळाला तो चपला विसरूनच.

त्या संध्याकाळी बापू चक्कर मारून घरी आले, तर खोपटात नुसती कोकरं होती. आत सुलाबाईनं दोन्ही घोंगडी शेजारी शेजारी अंथरली होती. बापूंनी सवयीनं मध्ये ठेवायला काठी शोधली. ती कधीच खुंटीला गेली होती.