बाळंतिणींचा थर्मास

मी एक जुना थर्मास आहे, बाहेरून निळा, आतून काचेचा. मित्रांनो, ती काच कुणाला दिसत नाही. पण चहा गरम राहतो तो तिच्यामुळे.

रिसोडच्या बाजारातून पंचफुलाबाईंनी मला केनवडला आणले. गल्लीत कुणी बाळंत झाली की गरम पाण्यासाठी मीच जायचो. कितीतरी बाळांना मी त्यांच्या बापाआधी पाहिले. बायका मला ‘बाळंतिणींचा थर्मास’ म्हणत.

पंचफुलाबाईंची लेक रूपा गावातच दिलेली. ती आईसोबत मला अकोल्याच्या दवाखान्यात नेई. तिथे बाहेर वाढवलेला गर्भ तिच्या गर्भाशयात सोडत. तीन खेपा वाया गेल्या. एकदा अकोल्याच्या जीपमध्ये शेजारच्या केशरबाईंनी विचारलेच, “पंचफुला, तुहा थर्मास साऱ्या गल्लीले पावला, तुह्याच पोरीले काहून नाही वं?”

“थर्मास हाय तो, देव नाही,” पंचफुलाबाई म्हणाल्या. सगळे हसले. रूपाही हसली, जरा उशिराने.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता गोठवून ठेवलेला एकच गर्भ उरलाय. आधी गर्भाशयाच्या अस्तराचा छोटा तुकडा तपासू. ते गर्भ धरायला कधी तयार असतं, याचा अंदाज येईल. खात्री मात्र देत नाही.”

“म्हंजे वापसा पाह्याचा,” पंचफुलाबाई म्हणाल्या. पेरणीआधी जमिनीची ओल जोखतात, तो वापसा. तुकडा काढेपर्यंत त्या मला मांडीवर घेऊन बाहेर बसल्या. चहाची आठवण कुणालाच झाली नाही.

अहवाल येण्याआधीच त्या गेल्या. शेतातून आल्या, छातीत दुखते म्हणाल्या, आणि गेल्या. रूपाचे अस्तर एक दिवस उशिरा तयार होते, असे अहवालात होते. रूपाने तो वाचला, मला धुऊन फडताळात ठेवले. नवरा संघदीप म्हणाला, “जाचं काय?”

“आईबिगर नाही जमत मले.”

पावसाळा गेला, हिवाळा आला. माझ्यावर धूळ बसली. मग एका सकाळी केशरबाई दारात आल्या.

“रूपा, मागावं का नाही समजत नोतं. सून बाळंतपणाले दवाखान्यात हाय. थर्मास देतं काय?”

रूपाने मला काढले, पुसले, उकळते पाणी भरले.

“न्या काकू. पण बुधवारी वापस द्या. मले लागते.”

“कायले वं?”

“अकोल्याले जाचं हाय.”

केशरबाईंनी मला दोन्ही हातांनी उचलून पदराखाली घेतले.

मित्रांनो, मला आपटू नका, धुतल्यावर बूच उघडे ठेवा. आणि बुधवारी जीपमध्ये रूपा भेटली, तर तिला काही विचारू नका. थोडे सरकून जागा द्या.