हौदाने गिळलेला निळा

रंगारीण आत्या आयुष्यात कोणाला घाबरली नव्हती. पण आज कुलूपवाले साहेब येणार होते. कापड रंगवून उरलेलं पाणी रंगीतच गटारात गेलं, की ते कारखान्याला कुलूप ठोकत. आत्याला हा शेवटचा इशारा होता.

भाचीने मात्र कंबर कसली होती. शेजारच्या लेथवरचा लोखंडी कीस आणि सुताराकडचा भुसा, दोन्ही फेकायचाच माल. तो तिने झाकणबंद डब्यात भाजून त्याची काळी पूड केली. पूड हौदातल्या निळ्या पाण्यात टाकली, वर केस भुरे करायचं पेरॉक्साइड ओतलं आणि ढवळलं.

"पूड रंग खाते होय गं?" आत्याने विचारलं.

"नाही. रंग तोडतं ते पेरॉक्साइड. पूड त्याला नुसती चिथावते, स्वतः संपत नाही. तिला उत्प्रेरक म्हणतात."

"आम्ही तुझी धाकटी काकू म्हणतो. भांडण लावून द्यायचं आणि आपण नामानिराळं!"

थोड्या वेळाने पूड तळाशी बसली आणि पाणी नितळ झालं. भाची नमुन्याच्या बाटल्या धुवायला आत गेली आणि आत्या हौदात वाकून बघू लागली. इतकं स्वच्छ? साहेब म्हणतील, बाईने नळाचं पाणी भरून ठेवलंय. त्यापेक्षा जरासं निळसर बरं, खरं तरी वाटेल!

तिने चिमूटभर रंग टाकून ढवळला. हात पुसून वळते तो काय, निळा गायब! पुन्हा चिमूट, पुन्हा गायब. आत्या हट्टालाच पेटली. तिने मूठ भरली, तोच मागून आवाज आला.

"काय टाकताय?"

दचकून मूठ उघडली. हौद निळा, हात निळा. खोटं बोलायला जागाच उरली नाही.

"रंग," ती म्हणाली.

"पाणी साफ करायच्या हौदात? बाई, कुलूप मी आणलंच आहे."

"ठोका की. पण आधी जरा पाण्याकडे बघा."

निळा फिका होत होता. बघता बघता नाहीसा झाला. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग फळीवरचा लाल रंगाचा डबा उचलला. "हा टाकू?"

लाल गेला. पिवळा गेला. हिरव्याला तर साहेब बाह्या सरसावून स्वतःच ढवळायला लागले. बाटल्या घेऊन आलेली भाची दारातच थबकली.

काळा ओतला आणि पाणी काळंच राहिलं. साहेबांचा चेहरा पडला. "मी बिघडवलं का हो?"

"पाण्यातलं पेरॉक्साइड संपलं," भाची म्हणाली आणि तिने आणखी ओतलं. "पूड तीच आहे." काळाही हळूहळू विरला.

साहेबांनी बाटलीत नमुना भरून घेतला. "नुसत्या दिसण्यावर मी जात नाही. हे तपासून घेतो. तोवर काम चालू ठेवा." कुलूप पिशवीत गेलं. जाता जाता त्यांनी बोट उगारलं, "आणि बाई, पुन्हा हौदात रंग टाकलात तर याद राखा!"

"मी मूठभर टाकला, साहेब," आत्या म्हणाली. "डबे तुम्ही रिकामे केलेत."