नव्वद अंशांची चिप

वाचनाच्या खोलीत सासऱ्यांना भोवळ आली आणि त्याच दिवशी घरात निकाल लागला: खोली गार करा, नाहीतर वाचन बंद. निकाल सासूबाईंचा, म्हणजे अपील नाही.

सासरे अंध श्रोत्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत. घरातल्या कोठीलाच त्यांनी भिंतींवर फोम आणि दाराला रबराची पट्टी लावून घेतली होती. छताच्या पंख्याचा आवाज माइक टिपायचा, म्हणून तो नाही. कंप्युटर बाहेर ठेवावा, तर तारेपुरतं दार उघडं राही आणि रस्त्यावरचे हॉर्न थेट कथेत घुसत. म्हणून कंप्युटर आतच, आणि तो तापायचा शेगडीसारखा.

सून ध्वनितंत्रज्ञ. तिनं तोड काढली. "बाबा, तुमचा जुना प्रोसेसर दीडशे वॅट ओढतो. ओढलेली वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच साठते. नव्या प्रोसेसरची आतली जडणघडण कितीतरी बारीक असते, म्हणून तो तेच काम तीस वॅटमध्ये करतो."

नवा कंप्युटर आला. जेवणाच्या डब्याएवढा, बिनपंख्याचा, अंगावर धातूच्या पात्या. सुनेनं आवाज स्वच्छ करण्याचं सगळ्यात जड काम त्याला दिलं. पडद्यावर प्रोसेसरच्या चिपचं तापमान चढू लागलं. साठ, ऐंशी, नव्वद अंश. जुना कधी सत्तरच्या वर गेला नव्हता.

तिच्या नवऱ्यानं दारातून डोकावलं. "वा! बाबांना गार करायला आणलास की भाजायला?"

"मी आधीच म्हणत होते," सासूबाई म्हणाल्या. "आता ते माइकबिइक आवरून ठेवा."

 डबा परत करायच्या तयारीनं सून प्लगपाशी वाकली. प्लगला लावलेल्या वीज मोजायच्या मीटरवर तीसच वॅट होते. भिंतीवरच्या तापमापकाचा पारा जेमतेम हलला होता. ती तशीच थबकली, मग स्वतःवरच चिडून हसली. इतका वेळ ती भलत्याच आकड्याकडे बघत बसली होती.

"आई, काडीपेटीची काडी पेटली तर चटका बसतो ना? पण तिनं खोली तापते का? उलट कढत पाण्याचं पिंप खोलीत ठेवा, काडीपेक्षा पाणी कितीतरी थंड, तरी घाम फुटेल. ही चिप नखाएवढी आहे. उष्णता थोडीच, पण तेवढ्याशा जागेतून बाहेर पडते, म्हणून आकडा चढतो. फारच तापली तर आपणच वेग कमी करते. खोलीला कळतात ते वॅट."

"भाषण पुरे," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना आत बसव. मी दाराशी बसते."

दार लागलं, त्याच्यावरचा ध्वनिमुद्रण चालू असल्याचा लाल दिवा पेटला. एरवी निम्म्या प्रकरणात सासरे हवा खायला बाहेर येत. आज दिवा जळतच राहिला.  दिवा विझला तशा सासूबाई ताडकन उठल्या.

सासरे बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"काय होतंय? गरगरतंय का?"

"मला कसलं गरगरतंय! या लेखकानं नायिकेच्या भावाला उगाच मारलंन. चांगला माणूस होता. चहा आतच दे, पुढचं प्रकरण लगेच घेतो."

सासूबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावला, मग मानेला. दोन्ही कोरडी ठणठणीत.

"चहा बाहेर बसून प्यायचा," त्या खेकसल्या, "आणि मग काय तो जा आत."

सून चहाचं आधण ठेवायला गेली.