लाल दोऱ्याची खोळ

लाँड्रीत मला सगळे 'नवी' म्हणत. दोन वर्षं झाली तरी नवीच.

मला या देशात आणलं माझ्या आतेभावानं. "मी आहे ना," म्हणाला होता. विमानातून उतरल्यावर थेट लाँड्रीच्या दारात नेऊन उभं केलं, माझा पासपोर्ट मालकाच्या हातात दिला आणि जो गेला तो गेलाच. तेव्हापासून 'मी आहे ना' म्हणणाऱ्याच्या सावलीलाही मी उभी राहत नाही.

खाली तळघरात मशिनं, वर इस्त्रीची टेबलं आणि मधल्या जिन्यावर मावशी. ती कुणाचीच मावशी नव्हती, मालकाची मुकादमीण होती. दर शनिवारी एकेकाला खोलीत बोलवायची. "कोण काय कुजबुजतंय?" जो सांगेल त्याला रविवारी बाहेर पडायला मिळे. म्हणून आम्ही एका छपराखाली जेवत होतो, झोपत होतो, आणि एकमेकांकडे पाठ करून जगत होतो.

गेल्या वर्षी माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीला एकानं गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात सापडलेलं घड्याळ दिलं. "ठेव गं, कोण विचारतंय!" दुपारी झडती झाली. तिला पोलिसांनी नेलं, आणि देणाऱ्याला रविवार मिळाला.

इस्त्रीवाला मुका नव्हता, पण बोलायचा इतकं कमी की नाव 'मुका'च पडलं. मालकाच्या शर्टांना दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे. दर सोमवारी सकाळी तो मालकाच्या घरी जाई, तिथली इस्त्री उरकी आणि धुण्याचं गाठोडं घेऊन परत येई. मालकाच्या घरी जाणारा मालकाचे कान भरतो, हे कळायला ज्योतिषी लागत नाही.

आणि नेमकी त्याच्याबरोबरच मला चादरींची घडी घालावी लागे. हॉटेलची एवढी मोठी चादर, एकट्याला आवरत नाही. दोन कोपरे त्याचे, दोन माझे. ताणायची, झटकायची, पावलं टाकत जवळ यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा आणि मागं फिरायचं. दिवसातून दोनशे वेळा आम्ही जवळ येत होतो, आणि दोनशे वेळा मी मान वळवत होते.

"माझ्याकडे बघितलंस तर चादर मळणार नाही," तो एकदा म्हणाला.

"बघण्यासारखं आहे काय तुझ्यात?"

"ते बघितल्याशिवाय कसं कळणार?"

मी कोपरे असे हिसडले की तो अडखळत पुढं आला. वर हसला, मेला.

तरी एक गोष्ट मला दिसायची. पाण्यानं आणि पावडरीनं माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या. कोपरा देताना तो शिवणीचा जाड काठ आपल्याकडे वळवून मऊ बाजू माझ्या बोटांत ठेवायचा. आधी वाटलं, सवय असेल. मग बघितलं, दुसऱ्या कुणाला तो तसा देत नव्हता. माझा राग आणखीच वाढला. गोडीगुलाबीनं आत शिरणारे मी पुरते ओळखत होते.

एका शनिवारी सकाळी, चादरीआड तोंड आलं तेव्हा तो म्हणाला, "पासपोर्ट मालकाच्या घरच्या कपाटात आहेत. सोमवारच्या गाठोड्यात एक उशीची खोळ येईल, तोंडाला लाल दोऱ्याची गाठ असेल. ती मशिनमध्ये टाकू नकोस. बाजूला काढ."

मी मागं सरले. चादर ताणली. पुन्हा जवळ आलो.

"कामगार कचेरी दोन चौक पुढं आहे. कागद आपल्या हातात असला तर तिथं ऐकून घेतात."

"आणि झडतीत माझ्याकडे सापडला तर?"

त्यानं पुढची चादर उचलली. 'मी आहे ना' असं मात्र म्हणाला नाही.

दुपारी मावशीनं विचारलं, "मुका काय म्हणतो गं?"

"मशिनांच्या आवाजात मला काही ऐकू येत नाही, मावशी."

सोमवारी गाठोडं आलं. गाठ सोडली तर वरच लाल दोरा, जखमेसारखा. मला त्या मुलीचं घड्याळ आठवलं. मी डोळे मिटले, सगळं गाठोडं कवेत उचललं, मशिनमध्ये कोंबलं आणि दार लावलं. जे मी बघितलंच नाही ते मी चोरलं कसं असेल?

तो खाली आला. माझे रिकामे हात बघितले, मग मशिनची काच. काचेमागून लाल दोरा गेला, पुन्हा आला.

"टाकलंस?"

"टाकलं."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं. त्याआधी दार सुटत नाही."

मी शिव्यांची वाट बघत होते. चिडला असता तर मी जिंकले असते. तो पालथ्या टोपलीवर बसला आणि काचेकडे बघत राहिला. आत काहीतरी आपटत होतं. थप. थप.

बऱ्याच वेळानं मावशी जिना उतरली. "काय गं वाजतंय आत?"

एक शब्द पुरला असता. 'ह्यानं टाकलंय.' वर्षभराचे रविवार माझे झाले असते.

"मालकाच्या पट्ट्याचं बक्कल," मी म्हणाले. "काढायचं राहिलं."

"हात झडले होते का? थांबते मी इथंच. मशिन खरवडलेलं निघालं तर बघ!"

तिनं त्याला टोपलीवरून उठवलं आणि स्वतः फतकल मारली. तो वर निघून गेला. गेला, मी म्हटलं. आतेभाऊही असाच गेला होता.

सहा मिनिटं उरली असताना जळका वास आला. वरून कुणी ओरडलं, "मालकाचा शर्ट जळाला!"

मावशी दोन-दोन पायऱ्या चढत धावली. "मेल्या, डोळे फुटले का तुझे? नऊ वर्षांत एक डाग नाही, आणि आज?"

मशिन थांबलं. दार सुटलं. मी खोळ फाडली.

आत प्लास्टिक होतं. आम्ही धुतलेल्या कोटांवर घालतो तसलं. एकात दुसरं, दुसऱ्यात तिसरं. प्रत्येकाच्या कडा इस्त्रीच्या टोकानं चिकटवलेल्या, त्याच्या घड्यांसारख्या सरळ. आत सगळं कोरडं ठणठणीत.

मी त्याचं ऐकणार नाही, हे त्यानं आधीच धरलं होतं. मला इतकं नेमकं कुणी ओळखलं नव्हतं, आणि ओळखून रागावलं नाही असं तर कुणीच नाही.

आत दोन पासपोर्ट होते. एक माझा. त्याच्याखाली त्याचा. फोटोत डोक्यावर भरपूर केस आणि चेहऱ्यावर बावळटपणा. मी मावशीला तो एक शब्द बोलले असते तर त्याचाही पासपोर्ट गेला असता, आणि हे त्यानं मला सांगितलंसुद्धा नव्हतं.

तळघराच्या मागच्या फाटकाशी हॉटेलची गाडी लागली होती. चादरी भरेपर्यंत फाटक उघडं असतं. मी दोन्ही पासपोर्ट झग्याच्या आत खोचले. दहा पावलं, आणि मी बाहेर. एकटी.

मी जिना चढले. मावशीनं त्याची कॉलर धरली होती.

"मावशी, गाडी थांबलीय. शेवटच्या चादरीला माणूस द्या."

"दुसरा कुणी घे!"

"दुसऱ्याच्या हातची वाकडी येते. हॉटेलवाले परत पाठवतील."

तिनं त्याला ढकललं. "जा. घडी घालून परत ये, मग सालटी काढते तुझी."

फाटकात आम्ही चादर उघडली. दोन कोपरे त्याचे, दोन माझे. जवळ आलो. मी मान वळवली नाही.

"मुद्दाम जाळलास?"

"कॉलर वाचवली," तो म्हणाला. "सवय."

त्याचा तळवा लाल झाला होता. मी जाड काठ माझ्याकडे घेतला आणि मऊ बाजू त्याच्या बोटांत दिली. शेवटच्या घडीत त्याचा पासपोर्ट सरकवला.

"धर तुझा तू. दुसऱ्याचं ओझं मी वागवत नाही."

"बाकीच्यांचे अजून कपाटात आहेत. कचेरीत ते आधी सांगायचं."

"सांगू. कुठल्या हाताला आहे?"

"डाव्या."

"खोटं निघालं तर?"

"तर मला तिथंच सोडून जा."

"सोडीन," मी म्हणाले. चादर गाडीतल्या गठ्ठ्यावर ठेवली, आणि त्याच्याबरोबर डावीकडे वळले.