थंड पेटीतली देवी

सन एकोणीसशे बासष्टचा चैत्र. वलगावच्या शाळेच्या पटांगणात सरकारी फिरत्या दवाखान्याची मोटार उभी होती आणि तिच्याभोवती ही गर्दी! मोटारीच्या आत रॉकेलवर चालणारं पांढरा रेफ्रिजरेटर होता. खाली दिवा जळायचा आणि वर बर्फ व्हायचा. वलगावानं असं कधी पाहिलं नव्हतं. मोटारीवरच्या नर्स दुर्गाबाईंनी तरी कुठं पाहिलं होतं! पण त्या मॅट्रिक होत्या, वर नर्सिंगचा दाखला, म्हणून त्यांनी आश्चर्य न वाटल्याचा आव आणला होता.

"आगीतून बरफ!" दारात उभा गावचा मांत्रिक शीतलबाबा डोळे मिटून गरजला. "शास्त्रात बसते का हे? जगदंबा बसली हाय आत. जोवर मी हाय, तोवर पेटी गार!"

लोकांनी हात जोडले. दुर्गाबाईंनीही जोडले, आणि तेही सगळ्यांच्या आधी.

त्याला कारण होतं. मोटार आल्यावर आठ दिवसांत पेटी खालून कोमट झाली होती. डॉक्टर दर शनिवारी अमरावतीहून येत. त्यांनी आतला तापमापक पाहिला आणि घटसर्पाची लस उकिरड्यावर ओतायला लावली. चाळीस मुलांची लस! शेजारच्या गावात घटसर्पानं दोन लेकरं नेली होती. डॉक्टर एवढंच म्हणाले, "येत्या शनिवारी दुसरी आणतो. तीही बिघडली तर तिसरी मिळणार नाही."

बाई घाबरल्या आणि बाबाला शरण गेल्या. बाबानं औषधांनी ठासून भरलेली पेटी रिकामी करवली, बाईंनी आत पसरलेलं कापड 'देवीला अंथरूण नको' म्हणून काढवलं, दार लावलं आणि तासन् तास मंत्र म्हटले. दुसऱ्या दिवशी पेटी गारेगार. मग काय, गावातल्या बायका नारळ, लिंबं, दह्याची गाडगी आत ठेवू लागल्या. दुर्गाबाईंनी प्रसादाला जागा करून दिली आणि तारांच्या फळ्यांवर पुन्हा मेणकापड अंथरलं, कडेला स्वतः विणलेली झालर लावून. देवीच्या घरात उघड्या तारा बऱ्या दिसतात का?

मंगळवारी पेटी पुन्हा कोमट.

"देवी कोपली," बाबा म्हणाला. "सुई अन् देवी एका घरात नांदत नाहीत. लस आत ठेवणार नाही असं कबूल करा, मंगच मंत्र म्हणीन."

बुधवारी दुपारी दुर्गाबाई मोटारीच्या पायरीवर बसून डोळे पुसत होत्या. तेवढ्यात पंचफुलाबाई आल्या. हंगामात शेंदूरजनाघाटला संत्री भरायच्या मजुरीला जायच्या, एरवी वलगावात. नात सुनंदा कडेवर.

"नर्सबाई, काहून रडून राहिल्या? माह्या नातीले सुई कधी टोचता?"

दुर्गाबाईंनी सगळं सांगितलं. पंचफुलाबाईंनी नात खाली ठेवली आणि पेटीचं दार सरळ उघडलं.

"अहो, देवी..." दुर्गाबाई दचकल्या.

"देवी कुठं हाय? जागाच नाही तिले बसाले!" त्यांनी गाडगी सरकवली. "काय भरलं हो बाई! आमी संत्री अशी कोंबली तं मालक हाकलून देईन. ढिगाले हवा लागली नाही का माल आतून तापते, सडते. टोपलीत गवत घालतो, फटी ठेवतो. अन् हे कापड कोणी टाकलं?"

"मी," दुर्गाबाई म्हणाल्या.

"झालर पन तुमीच लावली?"

"मीच."

"छान हाय," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि कापड ओढून काढलं.

त्यांनी वरच्या बर्फाच्या खणाखाली हात धरला. गार हवा बोटांवर उतरत होती. तीच हवा तारांमधून खाली जायची, खालची गरम हवा वर यायची, आणि मॅट्रिक पास बाईंनी मधोमध मेणकापडाचं छप्पर घातलं होतं! दोघींनी पेटी रिकामी केली. मंत्र एकही म्हटला नाही. गुरुवारी सकाळी तापमापकाचा आकडा खाली आला होता.

बाबा गर्दीसह हजर झाला. गार पेटी पाहून क्षणभर चपापला, मग म्हणाला, "माह्या पावलाची चाहूल लागली देवीले!"

"मंग एक कराल का महाराज?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "आमी कापड टाकतो, गाडगी ठेवतो. तुमी मंत्र म्हना. लस तं आत नाहीच. देवीची कृपा पाहू द्या गावाले."

नाही कसं म्हणणार? दार लागलं, मंत्र सुरू झाले. दुपार झाली, बाबाचा घसा बसला. दुर्गाबाई दर तासाला तापमापक मोठ्यानं वाचत. आकडा चढत होता. लोक कुजबुजू लागले. शेवटी घामाघूम बाबा ओरडला, "अरे, ते मेणकापड काढा ना! हवा कशी खेळन आत?"



"हे देवीनं सांगतलं का महाराज?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

मग सगळंच बाहेर आलं. बाबा पूर्वी अकोल्याला एका साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होता. तिथं असंच रॉकेलचं यंत्र होतं. दाटीवाटीनं भरलं की साहेब शिव्या घालायचा. मंत्राच्या नावाखाली बाबा तेवढंच करत होता, पेटी रिकामी करायचा. प्रसाद मात्र घरी न्यायचा; लस आत आली असती तर प्रसादाला जागा उरली नसती.

शनिवारी लस आली, फटी ठेवून मांडली गेली. चाळीसच्या चाळीस मुलांना सुई टोचली. सुनंदा सगळ्यात जोरात रडली.

शीतलबाबा बडनेऱ्याला गेला आणि तिथं खाणावळ काढली. भाजी चांगली असायची म्हणतात. पंचफुलाबाई आणखी पंधरा वर्षं संत्री भरत राहिल्या आणि पुढे मुकादमीण झाल्या. दुर्गाबाई निवृत्तीपर्यंत नव्या नर्सांना शिकवत राहिल्या. पहिल्या तासाला हा किस्सा स्वतःचं नाव घेऊनच सांगत आणि शेवटी म्हणत, "पोरींनो, दाखला असला म्हणून अक्कल असतेच असं नाही. हात जोडावेसे वाटले, तर आधी कारण शोधा. सापडलं नाही तर दुसऱ्याला विचारा, तो शिकलेला असो वा नसो."

एके वर्षी त्या वर्गात शेवटच्या बाकावर एक उंच मुलगी खुदकन हसली. हजेरीत तिचं गाव वलगाव होतं, आणि नाव सुनंदा.