चढ कोणाच्या नावावर

फोन उचलला तर पलीकडून नुसती धाप ऐकू आली. दुसरं कोणी असतं तर घाबरून फोन ठेवला असता. मी शिलाई मशीनवरचा पडदा सरळ करत विचारलं, "किती राहिले?"

"नऊ... सेकंद," माझी धाकटी जाऊ म्हणाली. "कालच्याइतकेच. वळणावर एकजण कुत्रं घेऊन मधोमध उभा, नाहीतर..."

"काल कचऱ्याची गाडी होती."

"जाऊबाई, तुम्ही माझ्या बाजूच्या की कुत्र्याच्या?" एवढं बोलून तिनं फोन ठेवला आणि ड्यूटीवर गेली.

आमच्या घरातली नर्स ती. मी घरात बसून पडदे शिवते, ती दुनियेला सलाइन लावते. वय सत्तेचाळीस, चष्म्याचा नंबर वाढलेला, गुडघ्याला संध्याकाळी तेल. आणि या बाईला वर्षभरापूर्वी सायकलचं खूळ लागलं. तिच्या मोबाइलवर एक अ‍ॅप आहे. सायकल चालवताना ते सुरू ठेवायचं. त्यात रस्त्यांचे तुकडे पाडलेले असतात आणि कोणत्या तुकड्यावरून कोण किती वेळात गेलं हे सगळ्यांना दिसतं. जो सगळ्यात लवकर जाईल त्याच्या नावापुढे एक छोटा मुकुट येतो. पेट्रोल पंपापासून हॉस्पिटलच्या गेटपर्यंतचा चढ हा तसलाच एक तुकडा. बायकांच्या यादीत आमची दुसरी. पहिल्या जागी तीन वर्षं एकच नाव, 'उडती म्हैस'. ही म्हैस कोण, कुठली, काही पत्ता नाही.

मी सुरुवातीला खूप हसले. म्हटलं, "मुकुट मिळाला की काय करणार? डोक्यावर घालून इंजेक्शनं देणार?"

तेव्हा ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "जाऊबाई, घर भाऊजींच्या नावावर. गॅस यांच्या नावावर. मुलगा बापाचं नाव लावतो. वॉर्डात मला सगळे सिस्टर म्हणतात, त्यातल्या निम्म्यांना माझं नाव माहीत नाही. माझ्या नावावर आहे काय? तो एक चढ होऊ दे."

खरं सांगायचं तर माझ्याही नावावर मशीनशिवाय काही नाही, आणि त्या मशीनची पावती आमच्या ह्यांच्या नावाची आहे. त्या दिवसापासून मी तिच्या पार्टीत गेले. सकाळी तिच्या वाटचा डबा मी भरू लागले, म्हणजे तिला पाच मिनिटं आधी निघता यावं.

आणि मग एका सोमवारी दुपारी घरात गोंधळ उडाला. माझे दीर एरवी विचारल्याशिवाय 'हो'सुद्धा म्हणत नाहीत. ते मोबाइल नाचवत आले. "वहिनी, झालं. पहिली आली. म्हशीला पार मागे टाकलं." बायकोच्या नावापुढच्या मुकुटाचा फोटो त्यांनी तोवर समस्त नातेवाइकांना पाठवलाही होता. माझ्या नणंदेनं पाच हार पाठवले, मोबाइलमधले. आमचे हे केक आणायला बाहेर पडले.

संध्याकाळी नायिका घरी आली ती चोराच्या पावलांनी. केक कापला, हसली, सगळ्यांना भरवला. मग भांड्यांच्या निमित्तानं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"जाऊबाई, मेले मी."

"का गं?"

"पंप ओलांडला आणि चाक पंक्चर झालं. मागून आपली अ‍ॅम्ब्युलन्स रिकामी येत होती. ड्रायव्हर म्हणाला, चला सिस्टर. सायकल स्ट्रेचरवर आडवी घातली, वर पट्टे बांधले, आणि आम्ही भुर्रकन गेटात. खिशातलं अ‍ॅप बंद करायचं राहिलं."

मी पदर तोंडात कोंबला. हसू आवरेना. तिलाही आधी हसू आलं आणि मग डोळे भरले.

"आता सांग बाहेर जाऊन," मी म्हटलं.

"सांगते. काढूनही टाकते. तिथे खोडायची सोय आहे." मोबाइल हातात धरून ती जराशी थांबली. "एक रात्र राहू दे ना, जाऊबाई. यांनी कधी माझा फोटो कोणाला पाठवला नव्हता."

मी म्हटलं, राहू दे. एका रात्रीनं म्हैस काही दूध द्यायची थांबत नाही.

पण सकाळी उठून बघते तर ही अंथरुणात बसलेली, मोबाइल हातात, चेहरा उतरलेला. म्हशीचा निरोप आला होता. मला वाचायला दिला.

'अभिनंदन. एवढ्या वेगानं त्या चढावर एकच गाडी जाते, अ‍ॅम्ब्युलन्स. मी गेले आहे त्यातून, म्हणून ओळखलं. बेकरीत माळ्यावरून मैद्याचं पोतं काढताना पडले, कंबरेचं हाड गेलं. तेव्हापासून सायकल नाही. पण रोज सकाळी तुमची वेळ बघते. वर्षभर बघतेय. रोज गेटाशी थांबता, म्हणजे तिथेच कामाला असाल. एक सांगू? वळणावर तुम्ही उभ्या राहून पेडल मारत असणार, कारण तिथेच मागे पडता. बसून चढा. मला हरवा, माझी ना नाही. पण पायांनी हरवा.'

"लाज वाटली गं मला," ती म्हणाली. तिथल्या तिथे तिनं सोमवारची ती फेरी खोडून टाकली. मुकुट म्हशीकडे परत गेला. मग उठून ती बाहेर गेली आणि चहा पीत बसलेल्या नवऱ्याला सगळं सांगितलं. दीरांनी ऐकता ऐकता चहा संपवला. शेवटी म्हणाले, "नातेवाइकांना मी कळवतो." आणि खरंच कळवलं. वर एक ओळ स्वतःची घातली, 'प्रयत्न चालू आहेत.' आमच्या घराण्यात नवऱ्यानं बायकोबद्दल एवढं लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्याच आठवड्यात पत्ता विचारून आम्ही दोघी या म्हशीला, म्हणजे बेकरीवालीला, भेटायला गेलो. तिचं घर बरोबर त्या वळणावरच निघालं. साठीची, दणकट, वॉकर धरून दारात उभी. "या, अ‍ॅम्ब्युलन्सवाल्या," म्हणाली. "म्हैस नाव माझ्या नवऱ्यानं ठेवलं होतं. चिडवायला. मी तेच लावलं." हॉस्पिटलला रोज सकाळी पाव तीच पोचवायची. गरम पोचले पाहिजेत म्हणून घाई, आणि त्या घाईतून तो मुकुट.

त्यानंतर महिनाभर ती दारातून ओरडायची आणि ही सायकलवरून ऐकायची. "बस. खाली बस. खांदे सोड." वेळ सेकंदा-सेकंदानं खाली येत गेली. सकाळच्या फोनवर मला धाप ऐकू यायची, मग आकडा, आणि मग, "आज बाई माझ्यावर चिडल्या." चिडल्या हेही ती कौतुकानं सांगायची.

आज सुट्टी काढल्यासारखी मी मशीन बंद ठेवली आणि वळणावर जाऊन बेकरीवालीशेजारी उभी राहिले. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. ना कुत्रं, ना कचऱ्याची गाडी. खालून ती आली. बसून, खांदे सैल, तोंड लालबुंद. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बेकरीवालीही आज ओरडली नाही. वॉकरच्या मुठींवर तिचे हात होते आणि दोन-दोन बोटं पुढे ताणलेली, जिथे सायकलचा ब्रेक असतो तिथे. जाऊ वळणाआड गेली तरी तिची बोटं तशीच होती.

थोड्या वेळानं बेकरीवालीचा मोबाइल वाजला. तिनं चष्मा वर करून वाचलं, मग माझ्यापुढे धरला. तुमचा विक्रम मोडला गेला आहे, असं होतं. खाली माझ्या जावेचं नाव. पूर्ण नाव, आईबापांनी ठेवलेलं.

तेवढ्यात माझाही फोन आला. पलीकडे धाप नव्हती, रडणं होतं. "जाऊबाई, झाला. एका सेकंदानं. त्यांना... त्यांना वाईट वाटलं का?"

मी तेच बेकरीवालीला विचारलं. ती मोबाइलमधल्या, मुकुट गेलेल्या जागेकडे बघत होती. म्हणाली, "वाटलं. तिला सांगा, वाटलं म्हणून. उगाच खोटं कशाला?" आणि तिनं नाक पुसलं. "छान चढली पोरगी."

मग मोबाइल माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "ते अ‍ॅप सुरू करायचं बटण दाबा जरा. आणि टाका माझ्या खिशात."

"कुठे निघालात? पुढे चढ आहे."

"माहीत आहे. कालपर्यंत माझाच होता."

मी बटण दाबलं. तिनं वॉकर उचलून पुढे टेकवला, मग एक पाय, मग दुसरा. मी बाजूनं चालत राहिले. वळण ओलांडलं तेव्हा वर गेटाशी माझी जाऊ युनिफॉर्ममध्ये उभी दिसली, ड्यूटीची वेळ झाली तरी आत न जाता.